जुनी गाडी गरम होतेय? पार्ट बदलायच्या आधी दोन प्रश्न विचारा

एप्रिल-मे लागला, शाळांना सुट्ट्या पडल्या की बोरघाटात, कसाऱ्यात, आंबा घाटात रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसायला लागतात. त्यातल्या बऱ्याच दहा-पंधरा वर्षं जुन्या, सेकंड हँड घेतलेल्या छोट्या पेट्रोल गाड्या असतात, वॅगन आर, सँट्रो, अल्टो, स्विफ्ट वगैरे. घरचे सगळे उन्हात उभे, आणि मग फोनाफोनी. कोणी सांगतं कूलंट संपलं असेल, कोणी सांगतं व्हॉल्व काढून टाक, कोणी सांगतं रेडिएटरच बदल. गॅरेजमध्ये गेलात की अंदाजाने एक पार्ट बदलतात, आठ दिवसांनी गाडी परत गरम होते, मग दुसरा पार्ट, मग तिसरा. पैसे जातात ते जातातच, पण या मधल्या काळात गाडी दोन-तीनदा तापलेली असते आणि खरं नुकसान तिथेच होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की कुठलाही पार्ट विकत घ्यायच्या आधी दोन प्रश्नांची उत्तरं हातात पाहिजेत. गाडी नेमकी कधी गरम होते? आणि पाणी कमी होतंय का, होत असेल तर जातंय कुठे? या दोन उत्तरांवरून बहुतेक वेळा दोष कुठल्या भागात आहे ते कळतं, आणि ही उत्तरं मेकॅनिक देऊ शकत नाही, रोज गाडी चालवणाराच देऊ शकतो.

## इंजिनातली उष्णता जाते कुठे

पेट्रोल जाळून जी ऊर्जा निघते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाकांपर्यंत पोचतो. साधारण तेवढीच उष्णता सायलेन्सरमधून धुराबरोबर बाहेर जाते आणि उरलेली बरीचशी इंजिनाच्या धातूत शिरते. ती सतत बाहेर काढली नाही तर काही मिनिटांत इंजिनाची वाट लागेल.

म्हणून इंजिनाच्या आतून पाण्याचे मार्ग काढलेले असतात. त्यातून कूलंट फिरतं, म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल नावाचं रसायन यांचं मिश्रण, ज्यात गंज थांबवणारी औषधंही घातलेली असतात. वॉटर पंप ते फिरवतो. इंजिनातून तापून आलेलं कूलंट वरच्या होज पाईपने रेडिएटरमध्ये जातं, तिथे बारीक नळ्यांमधून खाली येताना हवा लागून गार होतं आणि खालच्या पाईपने परत इंजिनात जातं. मधे थर्मोस्टॅट असतो, गॅरेजमध्ये ज्याला नुसतं व्हॉल्व म्हणतात. त्यात मेण भरलेलं असतं. इंजिन गार असताना तो बंद राहतो म्हणजे इंजिन लवकर तापतं, आणि साधारण ८२ ते ८८ अंशाला मेण वितळून फुगलं की तो उघडतो आणि कूलंट रेडिएटरकडे जायला लागतं. गाडी उभी असेल तर हवा लागत नाही, म्हणून रेडिएटरला इलेक्ट्रिक फॅन असतो, तो साधारण ९५ ते १०० अंशाच्या आसपास आपोआप सुरू होतो.

एवढाच सगळा खेळ आहे. पाणी पुरेसं पाहिजे, ते फिरलं पाहिजे, आणि त्याला हवा लागली पाहिजे. जुन्या गाडीत या तिन्हीपैकी काहीतरी अर्धवट झालेलं असतं.

## ते दोन-तीनशे रुपयांचं झाकण

रेडिएटरच्या झाकणाकडे कोणी बघत नाही आणि मला त्याचंच सगळ्यात वाईट वाटतं, कारण इतक्या स्वस्त पार्टमुळे इंजिनं गेलेली आहेत. हे झाकण म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टी आहे. कुकरमध्ये दाब असतो म्हणून आतलं पाणी शंभर अंशाच्या वर गेलं तरी उकळत नाही, शिट्टीखाली कचरा अडकून वाफ निसटत राहिली की डाळ शिजतच नाही. इथेही तसंच. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो म्हणजे किती बार (दाब मोजायचं एकक) दाब ते धरून ठेवणार. निम्मं पाणी निम्मं ग्लायकॉल असं कूलंट उघड्यावर १०७-१०८ अंशाला उकळतं, पण चांगलं ०.९ चं झाकण असेल तर ते सव्वाशेच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली की हा सगळा फायदा गेला. मग घाटात १०८-११० ला पोचल्याबरोबर कूलंट उकळून बाटलीत, म्हणजे रेडिएटरला जोडलेल्या जादा कूलंटच्या प्लॅस्टिकच्या टाकीत, आणि बाटलीतून रस्त्यावर.

झाकणात आणखी एक छोटा व्हॉल्व असतो, उलट्या दिशेचा. इंजिन गार होताना आत जी पोकळी तयार होते ती बाटलीतलं कूलंट परत ओढून घेते, ते या व्हॉल्वमधून. तो अडकला तर सकाळी बघावं तर बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, आणि वरचा होज पाईप आत दबलेला. म्हणजे नुसती बाटली बघून ‘कूलंट फुल आहे’ म्हणणाऱ्यांनी इंजिन पूर्ण गार असताना झाकण उघडूनही बघावं. काही गाड्यांत, जसं की पोलो, रेडिएटरला झाकणच नसतं, बाटलीलाच दाबाचं झाकण असतं, तिथे ते तपासायचं.

आणि गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, कधीच नाही. दाब निघून गेला की आतलं सगळं एका क्षणात उकळतं आणि तोंडावर येतं. कमीत कमी अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा होज पाईप कापडाने दाबून बघा, तो मऊ आणि कोमट लागला तरच जाड कापड ठेवून हळूहळू फिरवा.

## काटा तर मधेच असतो, मग गाडी गरम कशी?

हा प्रश्न सगळेच विचारतात. बऱ्याच गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दाम असा बनवलेला असतो की एका मोठ्या टप्प्यात तो मधेच थांबून राहतो, म्हणजे ड्रायव्हर उगाच घाबरू नये. त्यामुळे तो मधून हलायला लागला म्हणजे तापमान आधीच बरंच वर गेलेलं असतं. आणि अनेक छोट्या गाड्यांत काटाच नसतो, गार असताना निळा आणि फार तापल्यावर लाल असा नुसता लाईट असतो. तो लाल लाईट लागला म्हणजे गोष्ट पुढे गेलेली आहे, ‘पुढच्या पंपावर बघू’ म्हणायची वेळ नाही.

यापेक्षा धोक्याची गोष्ट म्हणजे वर गेलेला काटा अचानक खाली येणं. लोकांना वाटतं गाडी गार झाली. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला असतो, सगळं कूलंट वाहून गेलं की तो नुसत्या वाफेत किंवा हवेत राहतो आणि चुकीचं कमी तापमान दाखवू शकतो. बरोबरीने हीटरमधून गार हवा यायला लागली तर नक्की समजा की आत पाणी उरलेलं नाही, लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

२०१३ नंतरची गाडी असेल तर बहुतेक वेळा स्टिअरिंगखाली ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायचा सॉकेट असतो, त्यात ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावला की मोबाईलवर कूलंटचं खरं तापमान अंशांत दिसतं. ज्याची गाडी गरम व्हायची तक्रार आहे त्याने सगळ्यात आधी यावर पैसे घालावेत असं मला मनापासून वाटतं, कारण मग अंदाज संपतात. आकडा दिसला की कळतं, ट्रॅफिकमध्ये ९८ ला फॅन लागला आणि ९२ ला उतरला, म्हणजे तिथे काही भानगड नाही, पण घाटात १०६ पर्यंत गेला.

## ट्रॅफिकमध्ये गरम, हायवेला ठीक

आता पहिला प्रश्न, कधी. गाडी सिग्नलला, टोलच्या रांगेत, लग्नाच्या हॉलबाहेर उभी असताना गरम होते आणि चालायला लागली की उतरते, तर संशय फॅनवर. कारण उभ्या गाडीत इंजिन फार उष्णता तयार करत नाही, पण समोरून हवाही येत नाही, सगळी जबाबदारी फॅनवर असते.

तपासणी घरी होते. एसी चालू केला की बऱ्याच गाड्यांत फॅन लगेच सुरू व्हायला पाहिजे. एसी लावल्यावर फिरतो पण एसी बंद असताना कितीही तापलं तरी फिरत नाही, तर मोटर चांगली आहे, दोष सेन्सर, स्विच किंवा त्याच्या रिलेत (मोटरला करंट जोडणारा-तोडणारा छोटा डबा) आहे. एसीवरही फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग मोटर. मोटरवर पान्याच्या दांड्याने हलकेच टकटक केल्यावर ती फिरायला लागली तर आतले कार्बन ब्रश संपलेत, मोटर आज ना उद्या जाणार. काही फॅनना दोन स्पीड असतात आणि कमी स्पीडचा रेझिस्टर जळतो, मग फॅन एकदम उशिरा पण जोरात लागतो.

फॅन फिरतोय म्हणजे काम करतोय असंही नाही हं. मोटर बदलताना वायर उलट्या जोडल्या गेल्या तर फॅन उलटा फिरतो आणि येणारी हवा परत ढकलतो. समोरच्या जाळीशी कागद धरा, तो आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे. आणि फॅनभोवती प्लॅस्टिकचं जे कव्हर असतं ते शाबूत आहे का बघा, पुढून ठोकलेल्या गाड्यांत काम करताना ते बऱ्याचदा परत बसवलेलंच नसतं, मग फॅन इकडची तिकडची हवा घुसळत बसतो आणि रेडिएटरमधून थोडीच येते. हे सगळं करताना हात, ओढणी, बाही फॅनपासून लांब, कारण काही गाड्यांत चावी बंद असली तरी फॅन अचानक सुरू होतो.

बोलेरो, सुमो, क्वालिससारख्या जुन्या डिझेल गाड्यांची गोष्ट वेगळी, तिथे फॅन पट्ट्यावर फिरतो. त्याला मधे व्हिस्कस क्लच (आतल्या घट्ट तेलाने फॅनला पकडणारा जोड) असेल तर गरम इंजिन बंद केल्यावर फॅन हाताने फिरवून बघायचा. अजिबात अडथळा न लागता गरगर फिरला तर क्लच गेला.

## घाटात किंवा हायवेला गरम, गावात ठीक

हे उलटं आहे आणि जास्त खर्चाचं निघू शकतं. हायवेला हवा भरपूर असते, फॅनची गरज जवळपास नसते, तरी तापमान चढतंय म्हणजे जेवढी उष्णता तयार होतेय तेवढी कूलंट बाहेर नेऊ शकत नाही. म्हणजे एकतर कूलंट कमी आहे, किंवा नीट फिरत नाही, किंवा रेडिएटर आतून-बाहेरून चोंदलाय.

बाहेरून चोंदणं कोणाच्या लक्षात येत नाही, कारण समोर एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) असतो आणि त्याच्या मागे रेडिएटर. या दोघांच्या मधल्या फटीत वर्षानुवर्षांची धूळ, किडे, कापूस, पानं दाबून बसलेली असतात. समोरून पाणी मारून ते निघत नाही, जागा करून मागून पुढे, कमी दाबाने धुवावं लागतं. सर्व्हिस सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला की पातळ पत्र्या वाकतात आणि हवा आणखी अडते.

आतून चोंदण्याचं महाराष्ट्रातलं मोठं कारण म्हणजे बोअरचं पाणी. ते क्षारांचं असतं, तापलं की क्षार नळ्यांच्या आत बसतात. पूर्वीच्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरची टाकी उघडून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करून मिळायचं, आताचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे, कडेला प्लॅस्टिकच्या टाक्या असलेले असतात, ते आतून नीट साफ होत नाहीत, बदलणंच बरं. तापमान मोजायची इन्फ्रारेड गन असेल तर गरम इंजिनावर रेडिएटरवरून हळूहळू फिरवा. एखाद्या पट्ट्यात तापमान एकदम कमी लागलं तर तिथे कूलंट पोचतच नाही.

वॉटर पंपही इथेच येतो. त्याच्या पोटाला एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की तिथून कूलंट ठिबकायला लागतं, सुकल्यावर पांढरी किंवा रंगीत धार दिसते. पंप न गळताही आतलं पातं गंजून झिजलेलं असू शकतं, विशेषतः गाडी वर्षानुवर्षं साध्या पाण्यावर चालली असेल तर.

उन्हाळ्यातच का होतं याचंही सोपं गणित आहे. कूलंट ९० अंशाला धरलं आणि डिसेंबरच्या रात्री बाहेर १५ अंश असेल तर फरक ७५ चा. तीच गाडी मेमध्ये अकोल्याला किंवा चंद्रपूरला ४५ अंशात नेली तर फरक उरला ४५ चा. म्हणजे तोच रेडिएटर तेवढ्याच हवेत साधारण ६० टक्केच उष्णता फेकू शकतो. त्यात एसी लावला की समोरचा कंडेन्सर तीच हवा आणखी तापवून मागे देतो. म्हणून जानेवारीत सगळं ठीक होतं, गाडी मेमध्ये अचानक बिघडली, असं जे वाटतं ते खरं नसतं, रेडिएटर जानेवारीतही अर्धाच चालत होता, फक्त तेव्हा अर्धा पुरत होता.

## चालू केल्यावर दहा मिनिटांतच गरम

थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला की असं होतं. वरचा पाईप भाजेल इतका गरम आणि खालचा अगदी गार, ही त्याची खूण, पण कूलंट फार कमी असेल किंवा आत हवा अडकली असेल तरी जवळपास असंच दिसतं, म्हणून आधी पातळी बघायची. थर्मोस्टॅट काढून दोऱ्याने बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, पाणी तापवत न्या, ८०-९० च्या दरम्यान तो उघडताना डोळ्यांनी दिसला पाहिजे. पाणी उकळलं तरी तो ढिम्म असेल तर नवीन आणा. ते पातेलं परत स्वयंपाकाला वापरू नका, कूलंट विषारी असतं.

## ‘मेकॅनिक म्हणतो, आपल्याकडे व्हॉल्वची गरजच नाही’

हे वाक्य सांगलीपासून नांदेडपर्यंत कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकू येतं. आपल्याकडे थंडी नाही, व्हॉल्व काढून टाकला की पाणी मोकळं फिरतं, गाडी गरम होणार नाही, असं ते सांगतात आणि चांगल्या मनाने सांगतात. बऱ्याच वेळा गाडी खरंच थोडे दिवस गरम होत नाही, त्यामुळे लोकांचा विश्वासही बसतो.

पण होतं काय की चोंदलेला रेडिएटर तसाच राहतो, दोष फक्त झाकला जातो. इंजिन नीट तापत नाही, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गार आहे, तो जास्त पेट्रोल देत राहतो, ॲव्हरेज पडतं, ऑईल लवकर खराब होतं. आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना दुसऱ्या बाजूने एक आडवाट बंद करतो, जिथून कूलंट रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरत असतं. अशा इंजिनातून थर्मोस्टॅट काढला तर ती आडवाट कायमची उघडी राहते आणि बरंचसं कूलंट गार न होताच फिरतं, म्हणजे हायवेला गाडी उलट जास्त तापू शकते. थर्मोस्टॅट खराब असेल तर नवीन बसवा, स्वस्त पार्ट आहे.

## ‘आम्ही आयुष्यभर साधं पाणीच टाकलं’

टाकलं असेल, आणि जुन्या लोखंडी ब्लॉकच्या, तांब्याच्या रेडिएटरच्या गाड्यांनी ते सहनही केलं. आजच्या इंजिनात ॲल्युमिनियमचं हेड, ॲल्युमिनियमचा रेडिएटर, मधे लोखंड, सगळे धातू एकत्र, साध्या पाण्यात ते एकमेकांना खातात. कूलंट फक्त गोठू नये म्हणून असतं हा गैरसमज आहे, ते गंज थांबवतं आणि उकळायचं तापमान वाढवतं, आपल्याला कामाच्या याच दोन गोष्टी आहेत.

घाटात अडकलात आणि जवळ फक्त पिण्याचं पाणी आहे तर बिनधास्त टाका, इंजिन वाचवणं महत्त्वाचं, फक्त नंतर ते काढून नीट कूलंट भरा. विकत घेताना डब्यावर बघा की ते तयार मिश्रण आहे की पाणी मिसळायचं आहे. नुसतं घट्ट कूलंट भरलं तर जास्त चांगलं असं वाटतं, पण ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं, त्यामुळे उलटा परिणाम होतो. मिसळायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटर. हिरवं, लाल, निळं या रंगावरून प्रकार ठरत नाही, गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकार बघून घ्या आणि दोन प्रकार एकत्र करू नका. आणि काढलेलं कूलंट अंगणात किंवा गटारात ओतू नका, ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोडंसं पोटात गेलं तरी मरतात.

## सीएनजी गाडीवाल्यांनी हे वेगळं बघा

सीएनजी सिलिंडरमधून खूप दाबाने येतो, तो दाब रिड्युसरमध्ये कमी होताना रिड्युसर गारठतो, म्हणून इंजिनाचं गरम कूलंट तिथून फिरवलेलं असतं. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये यासाठी होज पाईप कापून टी-जॉइंट टाकलेले असतात, नवीन क्लिपा लावलेल्या असतात, आणि दहा वर्षांनी गळती बहुतेक तिथूनच सुरू होते. गॅसवर गाडी झटके देते, रिड्युसरवर बर्फासारखा थर येतो, पेट्रोलवर ठीक चालते, असं असेल तर गॅसवाल्याकडे जायच्या आधी कूलंट बघा. पातळी कमी असेल किंवा हवा अडकली असेल तर रिड्युसरपर्यंत गरम पाणी पोचत नाही.

## पाणी कमी होतं, पण खाली थेंब नाही

हा दुसरा प्रश्न, आणि यावरच सगळ्यात जास्त डोकं लावायला पाहिजे. बंद सिस्टिममधलं कूलंट असंच कमी होत नाही. दर आठवड्याला अर्धा लिटर टाकावं लागतंय म्हणजे ते कुठेतरी जातंय, आणि ‘जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच’ हे उत्तर नाही.

गळती गरम इंजिनावर झाली तर थेंब जमिनीवर पडायच्या आधीच सुकतो, म्हणून फरशी कोरडी दिसते. पाईपांची टोकं, क्लिपा, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीचा जोड, वॉटर पंप इथे पांढरे किंवा रंगीत डाग शोधा. पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं, काचेवर आतून चिकट धुकं, गोडसर वास, म्हणजे डॅशबोर्डच्या आतला हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. खात्री करायची असेल तर प्रेशर टेस्ट करून घ्या. गार इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या आकड्याएवढा दाब देतात आणि पंधरा-वीस मिनिटं बघतात. दाब उतरला तर गळती आहे, आणि बाहेर कुठेच ओलं दिसलं नाही तर ती इंजिनाच्या आत आहे.

आत म्हणजे बहुतेक वेळा हेड गॅस्केट. इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये जो पातळ थर असतो तो. इंजिन एकदा जोरात तापलं की ॲल्युमिनियमचं हेड जास्त प्रसरण पावतं, त्याला बेंड येतो, आणि गॅस्केट दबून फुटतं. बऱ्याच छोट्या इंजिनांत हेडच्या बेंडची मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे डोळ्याला काहीच दिसत नाही.

खुणा अशा. सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच, अजून काही तापलेलं नसताना, वरचा होज पाईप दगडासारखा कडक होतो. गार असताना झाकण काढून इंजिन चालू केलं तर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत राहतात. सुरुवातीला इंजिन एका सिलिंडरवर अडखळतं आणि पांढरा गोडसर वासाचा धूर येतो. ऑईल दुधाळ चहासारख्या रंगाचं होतं.

यावर एक सावधगिरी. ऑईलच्या झाकणाखाली थोडा पिवळट फेस दिसला म्हणून लगेच हेड उघडू नका, पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत आतल्या बाष्पाने तसा फेस येतो. डिपस्टिकवरचं (ऑईल मोजायच्या पट्टीवरचं) ऑईल बघा, ते स्वच्छ असेल तर त्या फेसाला घाबरायचं कारण नाही. पक्कं उत्तर देणारी टेस्ट म्हणजे रेडिएटरच्या तोंडावर निळं द्रव भरलेली नळी लावतात आणि इंजिन चालू ठेवून आतली हवा त्यातून ओढतात. ज्वलनाचा धूर कूलंटमध्ये येत असेल तर निळं द्रव पेट्रोल गाडीत पिवळं होतं. ही टेस्ट करायला फार वेळ लागत नाही आणि हेड उघडायच्या खर्चापुढे ती काहीच नाही. मेकॅनिक ही टेस्ट न करता हेड खोलायला निघाला तर त्याला थांबवा, दुसरीकडे दाखवा.

गळती थांबवणारी पावडर किंवा बाटली टाकावी का, असं बरेच जण विचारतात. जुन्या, आधीच अर्ध्या चोंदलेल्या रेडिएटरमध्ये ती टाकू नये असं माझं ठाम मत आहे, कारण ती भोक आणि नळी यात फरक करत नाही, हीटरच्या बारीक नळ्या आधी बंद करते.

## रस्त्यात गरम झालीच तर

काटा चढायला लागलाय पण लाल झाला नाही, तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल, काचा खाली. मेमध्ये हे नकोसं वाटतं, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच आहे, तेवढी उष्णता तो बाहेर काढतो. जागा मिळेल तिथे बाजूला घ्या. लाल लाईट लागला किंवा बॉनेटमधून वाफ आली तर इंजिन बंद. इलेक्ट्रिक फॅन असेल तर चावी नुसती ऑनवर ठेवून तो फिरतो का बघा. इंजिनावर गार पाणी ओतू नका, तापलेल्या धातूला तडा जाऊ शकतो. अर्धा-पाऊण तासाने झाकण उघडल्यावर पाणी थोडं थोडं घाला, आणि भरल्यावर हीटर चालू ठेवून इंजिन काही वेळ चालवा म्हणजे अडकलेली हवा निघेल, पातळी परत खाली जाईल, परत भरा. रेडिएटर बदलल्यावर दोन दिवसांनी ‘परत गरम होतेय’ अशी तक्रार येते तेव्हा बऱ्याचदा ही हवाच काढलेली नसते.

## जुनी गाडी घेताना

विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी सकाळी गार हवी, मी येईपर्यंत चालू करू नका. झाकण उघडून कूलंट बघा. तपकिरी, गंजलेलं पाणी असेल तर वर्षानुवर्षं कोणी लक्ष दिलेलं नाही. अगदी काल भरल्यासारखं चकचकीत नवीन कूलंट आणि बाटली मात्र आतून काळवंडलेली, तर का बदललं ते विचारा. हीटरचे दोन पाईप इंजिनाजवळच एकमेकांना जोडून टाकलेत का बघा, तसं असेल तर हीटरची गळती अशी परस्पर बंद केलेली आहे. मग गाडी चालवून आणल्यावर एसी लावून वीस मिनिटं जागेवर उभी ठेवा, फॅन किती वेळा लागतो आणि बंद होतो ते ऐका, आणि जमलं तर एखादा चढ फुल लोडमध्ये चढवा.

हेडचं काम झालेलं आहे असं सांगितलं तर त्यात वाईट काही नाही, नीट केलेलं हेड वर्षानुवर्षं चालतं. पण बिल मागा, हेड मशिनवर तपासून फेसिंग मारलं होतं का, म्हणजे घासून सपाट केलं होतं का, ते विचारा, आणि त्याच वेळी रेडिएटर, झाकण, थर्मोस्टॅट बदलले होते का तेही विचारा, कारण ज्या कारणाने गाडी पहिल्यांदा तापली ते तसंच राहिलेलं असेल तर नवीन गॅस्केटही पुढच्या उन्हाळ्यात त्याच घाटात जाणार.